जुनी गाणी आणि नवं पार्श्वसंगीत एकाच अल्बममध्ये: परवानगीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

चित्रपटाचं पोस्टर छापून आलं की निर्मात्याला अल्बमची आठवण होते. तोवर गाण्यांच्या परवानग्या ‘चित्रपटापुरत्या’ घेऊन झालेल्या असतात. संगीतकाराच्या हार्ड डिस्कवर पुढचं काम चढलेलं असतं आणि संकलकाकडे उरतो तो फक्त अंतिम मिक्स, म्हणजे संवाद, आवाज आणि संगीत एकत्र झालेला ध्वनी. मग त्यातूनच संगीत कापून चाळीस सेकंदांचे बावीस तुकडे अपलोड केले जातात. आठवड्याभरात त्यातली तीन जुनी गाणी उतरवली जातात, उरलेले तुकडे कुणी ऐकत नाही.

हे टाळायचं तर कामाचा क्रम उलटा करावा लागतो: आधी कागद, मग फाइली, मग कान. उदाहरणासाठी एक छोटा मराठी चित्रपट डोळ्यांसमोर ठेवू. त्यात रेडिओवर एक जुनं भावगीत वाजतं, शेवटी एक अभंग येतो आणि मधे संगीतकाराने केलेलं साधारण चाळीस मिनिटांचं पार्श्वसंगीत आहे.

## टप्पा १: प्रत्येक तुकड्याची यादी

चित्रपट सुरुवातीपासून लावा आणि संगीत सुरू होईल तिथे थांबा. प्रत्येक तुकड्याला क्यू म्हणतात. त्याला रिळाचा आणि क्रमाचा आकडा देण्याची जुनी पद्धत आजही सोयीची पडते: तिसऱ्या रिळातला दुसरा क्यू म्हणजे ३एम२. प्रत्येक ओळीत सुरू-बंदची वेळ, लांबी, कुणी रचलं, कुणी वाजवलं-गायलं, नवं की आधीचं, आणि पडद्यावर दिसतं (रेडिओ, बँड, कुणी गुणगुणतं) की नुसतं मागे वाजतं, हे लिहा.

गुणगुणणं हमखास सुटतं. नायिका भाकरी थापताना जुन्या गाण्याच्या दोन ओळी म्हणते, तोही त्या गाण्याचा वापरच असतो. पार्श्वसंगीतात बासरीवर जुन्या गाण्याची धून हलकेच आली असेल तर तीही लिहा. तिथे जुनं ध्वनिमुद्रण नसलं तरी चाल कुणाची तरी आहे.

तपासा: यादीतल्या संगीताची एकूण लांबी आणि संगीतकाराने दिलेल्या फाइलींची बेरीज जुळते का? फरक दोन-तीन मिनिटांपेक्षा मोठा असेल तर संकलनात एखादा क्यू दोनदा वापरला गेलाय, नाहीतर तात्पुरता लावलेला एखादा परका तुकडा तसाच राहून गेलाय. ही दुसरी शक्यता भीतीदायक आहे आणि ती वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते.

## टप्पा २: हक्कांचे तीन पदर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

एका जुन्या गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. तिन्हींचे हिशोब स्वतंत्र करायचे.

आपलं भावगीत ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावलेलं आहे असं धरू. माडगूळकरांचं निधन १९७७ चं, म्हणजे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत संरक्षित. फडके २००२ साली गेले, म्हणजे चाल २०६२ च्या अखेरपर्यंत. पण ध्वनिमुद्रण १९६२ साली प्रसिद्ध झालं असेल तर त्याचा भारतातला हक्क २०२२ च्या अखेरीस संपला. म्हणजे तबकडी मोकळी आणि गाणं बांधलेलं! ‘रेकॉर्ड जुनी आहे, चालतंय की’ म्हणणारे नेमके इथे अडकतात.

अभंगाचं उलटं. तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. वारकऱ्यांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलेली चाल असेल तर तीही मोकळी. पण आपल्याला पारंपरिक वाटणाऱ्या कित्येक चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत. श्रीनिवास खळे २०११ साली गेले, त्यामुळे त्यांनी अभंगांना लावलेल्या चाली २०७१ च्या अखेरपर्यंत त्यांच्याच, किंवा त्यांच्याकडून ज्यांच्याकडे हक्क गेले त्यांच्या. तुकडोजी महाराजांच्या भजनांबाबत तर शब्दही मोकळे नाहीत. त्यांचं निधन १९६८ चं, तेव्हा २०२८ च्या अखेरपर्यंत थांबावं लागतं.

कर्त्याच्या निधनानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाला वेगळा नियम आहे. तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. त्या पुस्तकातून पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या कवितांचे शब्द २०१२ च्या अखेरीस मोकळे झाले. त्यांना नंतर लावलेल्या चाली मात्र ज्यांच्या त्यांच्या.

मग कुणाकडे जायचं? ध्वनिमुद्रणासाठी कंपनीकडे. जुन्या एचएमव्हीचा ठेवा आज सारेगामाकडे आहे, बाकीच्यांसाठी तबकडीवरचं किंवा कॅसेटवरचं नाव धरून माग काढावा लागतो. शब्द आणि चालीसाठी कधी तीच कंपनी, कधी वेगळा प्रकाशक, कधी थेट वारस. गीतकार-संगीतकारांची सोसायटी असलेल्या आयपीआरएसकडे चौकशी केली तर निदान कृती कुणाच्या नावावर आहे ते समजतं.

सावधान: खालच्या चारही समजुती चुकीच्या आहेत.

- ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं.’ कायद्यात अशी कुठलीही मुभा नाही.
- ‘पाच वर्षं झाली, आता कुणीही गाऊ शकतं.’ कलम ३१सी मध्ये पाच वर्षांचा उल्लेख आहे, पण ती सोय फक्त नव्याने गायलेल्या ध्वनिमुद्रणासाठी आहे. शब्द-चाल बदलायची नाही, आगाऊ सूचना द्यायची आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. चित्रपटात गाणं वापरायला ती उपयोगाची नाही.
- ‘हॉलसाठी पीपीएलचं लायसन्स घेतलंय.’ ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या या संस्थेचं लायसन्स असतं ते सार्वजनिक ठिकाणी वाजवण्यासाठी. अल्बमशी त्याचा संबंध नाही.
- ‘भारतात मोकळं म्हणजे सगळीकडे मोकळं.’ अमेरिकेत १९७२ पूर्वीची बरीच ध्वनिमुद्रणं अजून संरक्षित आहेत. तुमचा अल्बम न्यू जर्सीतल्या मावशीनेही ऐकावा असं वाटत असेल तर तबकडी मोकळी धरू नका. नाहीतर वितरकाच्या, म्हणजे अल्बम स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणाऱ्याच्या, अर्जात त्या ट्रॅकसाठी तो देश वगळा.

## टप्पा ३: परवानगीच्या पत्रात काय हवं

चित्रपटात गाणं वापरायची परवानगी, जिला धंद्यात सिंक म्हणतात, आणि तेच गाणं अल्बममध्ये द्यायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ज्या कामांवर बसलो त्यांतल्या एकात कंपनीने चित्रपटासाठी आनंदाने होकार दिला, अल्बमसाठी मात्र सरळ नकार. ते गाणं त्यांच्या स्वतःच्या संग्रहात त्या महिन्यात येणार होतं. आम्ही अल्बमचं मुखपृष्ठ आधीच बनवून बसलो होतो, त्यावर गाण्याचं नाव ठळक. सगळं पुन्हा करावं लागलं.

म्हणून दोन्ही परवानग्या एकाच पत्रात, एकाच वेळी मागा. पत्रात मुदत आणि प्रदेश आकड्यांत आणि नावांनिशी लिहून घ्या. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सहाव्या वर्षी अल्बममधून गाणं गायब झालं तर दोष तुमच्या कागदाचा.

पत्रात आणखी तीन गोष्टी: गाणं छोटं करता येईल का, मूळ ध्वनिमुद्रणाचा दर्जेदार फाइलरूपातला मास्टर कंपनी देणार का, आणि श्रेयनामावलीत नेमकं कसं छापायचं. काही कंपन्या असंही कलम घालतात की दुसऱ्या कुठल्याही गाण्याला जास्त पैसे दिलेत तर आम्हालाही तेवढेच द्यायचे. ते नजरेतून सुटू देऊ नका. तीन गाण्यांतलं शेवटचं महाग पडलं की पहिली दोनही महाग होतात.

आता घरची बाजू. संगीतकाराच्या करारात पार्श्वसंगीत अल्बमरूपात प्रसिद्ध करण्याचा उल्लेख आहे का? चित्रपटासाठी नवी गाणी केली असतील आणि ती एखाद्या संगीत कंपनीला दिली असतील तर त्या करारातले शब्द पुन्हा वाचा. ‘चित्रपटातील गाणी’ लिहिलंय की ‘चित्रपटातील सर्व संगीत’? दुसरं असेल तर पार्श्वसंगीतही तुमच्या हातून गेलं, आणि बहुतेक निर्मात्यांना ते अल्बमच्या वेळी कळतं. वादकांच्या सह्याही घ्या. ज्याने एका दुपारी येऊन सारंगीचे चार मिनिटांचे आलाप वाजवले त्याच्या पावतीवर फक्त ‘चित्रपटासाठी’ असेल, तर अल्बमचा उल्लेख असलेलं संमतिपत्र आत्ताच घ्या.

तपासा: सगळ्या सह्या हातात येईपर्यंत ट्रॅकची यादी जाहीर करू नका. तोंडी होकार हा होकार नाही. प्रदर्शनाच्या आधी तीन-चार महिने हे काम सुरू केलं नाही तर एखादं गाणं सोडून द्यायची मनाची तयारी ठेवा.

## टप्पा ४: फाइली कुठून घ्यायच्या

चित्रपटाच्या अंतिम मिक्समधून संगीत कधीही कापू नका. त्यात संवादाखाली संगीत दाबलेलं असतं, दाराच्या आवाजाला जागा करून दिलेली असते, प्रसंग संपला की ते मधेच तोडलेलं असतं. संगीतकाराकडून मूळ सेशनची (ज्या प्रकल्पात संगीत मुद्रित केलं त्याची) स्टिरिओ फाइल मागा, शक्यतो ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, आणि क्यूची पूर्ण लांबी, म्हणजे चित्रपटात कापला गेलेला शेवटही. पुष्कळदा त्या कापलेल्या शेवटातच खरं संगीत असतं.

फक्त फाइव्ह पॉइंट वनचे, म्हणजे थिएटरच्या सहा चॅनलचे, स्टेम (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या फाइली) मिळाले तर स्टिरिओ करताना मधला आणि मागचे चॅनल साधारण तीन डेसिबल खाली घेऊन मिसळतात. सबवूफरचा चॅनल सरसकट ओतू नका, ढोलकी गढूळ होते.

सावधान: टीव्हीसाठी दिलेल्या प्रतीतून काही उचलू नका. सेकंदाला चोवीस चौकटींचा चित्रपट पंचवीसवर चालवलेला असेल तर सगळं संगीत चार टक्क्यांनी जलद आणि सुमारे पाऊण स्वर-पट्टी वर गेलेलं असतं. काळी एकचं गाणं पेटीवरच्या पुढच्या पट्टीकडे, पांढरी दोनकडे सरकतं. ऐकणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण गायकाला लगेच कळतं, आणि त्याचा फोन येतो.

चित्रपटात भावगीत रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून वाजत असेल तर अल्बममध्ये मूळ, न गाळलेलं ध्वनिमुद्रण द्या. रेडिओचा परिणाम प्रसंगासाठी होता. शिवाय कंपनीशी झालेला करार बहुधा मूळ मास्टरचाच असतो.

## टप्पा ५: क्यूचे ट्रॅक करणं

चाळीस मिनिटांचं पार्श्वसंगीत म्हणजे चाळीस मिनिटांचा अल्बम नव्हे. त्यातली पंचवीस मिनिटं एरवीही ऐकावीशी वाटतील असं असलं तरी काम चांगलं म्हणायचं.

तणाव धरून ठेवणारा नुसता षड्ज, दचकवणारे ठोके, दृश्यं जोडणारे वीस सेकंदांचे तुकडे बाजूला काढा. एकाच धुनेची तीन रूपं असतील तर ती जोडून एक सलग ट्रॅक करा: आधी एकटी सारंगी, मग तंतुवाद्यांसह, शेवटी पूर्ण. जोड देताना दोन्ही क्यूची पट्टी आणि लय तपासा, आणि पहिल्याच्या शेवटच्या स्वराची आस विरण्याआधी दुसरा आत येऊ द्या. आस संपल्यावर जोडलं तर शिवण दिसते.

अर्ध्या मिनिटाखालचा ट्रॅक ठेवू नका. स्पॉटिफायवर ऐकणं मोजलं जातं तेच तीस सेकंदांनंतर. संगीताच्या दृष्टीनेही एवढ्या वेळात काही उभं राहत नाही.

संवाद घालायचे का? माझं मत नकाराचं आहे. पहिल्यांदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा माणूस ट्रॅक पुढे ढकलतो. घालायचेच असतील तर वेगळा ट्रॅक करा, संगीतावर चढवू नका.

## टप्पा ६: क्रम लावणं

चित्रपटातला क्रम जसाच्या तसा ठेवणं ही सर्वात सोपी आणि बहुतेक वेळा चुकीची वाट. दुसरी चूक म्हणजे गाणी आधी आणि पार्श्वसंगीत शेवटी. तसं केलं की अल्बम तीन ट्रॅकनंतर संपल्यासारखा होतो, बाकीचं गोदामात टाकलेल्या सामानासारखं पडून राहतं. मी ओळखीचं गाणं तिसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवतो. तोवर ऐकणाऱ्याच्या कानावर चित्रपटाचा स्वतःचा आवाज पडलेला असतो आणि गाणं त्या आवाजात येतं.

खरी अडचण जुन्या आणि नव्याच्या सांध्यांवर असते. तिथे तीन गोष्टी बघा.

पट्टी. जुन्या तबकडीवरचा आवाज आजच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळेलच असं नाही. गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी तरंगत असतं. त्याला ओढून पट्टीवर आणायचा मोह आवरा. गायकाच्या आवाजाचा पोत जातो, आणि बदलाची परवानगीही बहुधा नसते. हलवायचं ते पार्श्वसंगीत. गाण्याआधीचा क्यू अशा पट्टीतला निवडा की गाण्याचा सा त्याच्या पंचमासारखा किंवा मध्यमासारखा कानावर पडेल. तिथे पाव स्वराचा फरक खपून जातो. दोन्हींचा सा जवळजवळ एकच पण किंचित वेगळा असेल, तर मात्र ते बेसूर लागतं.

रुंदी. साठच्या दशकातलं बहुतेक मराठी ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे सगळं मधोमध. त्याच्या आधी पन्नास व्हायोलिनांचा पसरलेला क्यू आला तर गाणं डबीत बंद झाल्यासारखं वाटतं. गाण्याआधी एकट्या वाद्याचा, अरुंद क्यू ठेवा. गाण्यानंतर हळूहळू पसरत जाणारा चालतो, किंबहुना छान वाटतो.

खरखर. जुन्या फाइलीतली खरखर पूर्ण पुसू नका. जास्त घासलं की पेटीच्या वरच्या स्वरांसोबत गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ही जातात. टक-टक आणि मोठे चटके काढा, पावसासारखी बारीक सरसर राहू द्या. खरखर अचानक सुरू होऊ नये म्हणून गाण्याच्या आधी दोन-तीन सेकंद ती मागच्या क्यूच्या शेवटाखाली हळूच आणता येते. त्यासाठी कंपनीची परवानगी हवी आणि ट्रॅकची खूणही योग्य जागी हवी, नाहीतर कुणी फक्त गाणं लावलं की सुरुवात चिरलेली वाटते.

दोन ट्रॅकमधली शांतता सगळीकडे दोन सेकंद ठेवायचा नियम सोडून द्या. अभंगानंतर मी पाच-सहा सेकंद ठेवतो. धावपळीच्या क्यूनंतर अर्धा सेकंदही पुरतो.

तपासा: पूर्ण क्रम घरातल्या दुसऱ्या माणसाला काम करता करता ऐकवा, समोर बसवून नाही. तो कुठे मान वर करतो आणि कुठे ‘बंद झालं का?’ विचारतो ते लिहून ठेवा.

## टप्पा ७: मास्टरिंग

मास्टरिंग म्हणजे सगळ्या ट्रॅकची पातळी आणि पोत शेवटचा जुळवणं. प्रत्येक ट्रॅक सारखाच मोठा करणं ही इथली नेहमीची चूक. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्स (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आणि अॅपल उणे १६ लफ्सच्या आसपास पातळी आणतात. पण अल्बम सलग वाजवला तर स्पॉटिफाय संपूर्ण अल्बमला एकच फरक लावतं, म्हणजे तुम्ही ठेवलेलं लहान-मोठेपण टिकतं. तेव्हा अल्बम एक तुकडा मानून मास्टर करा. रात्रीच्या प्रसंगातली एकटी सारंगी हळूच राहू द्या. आवाजाची सर्वात उंच टोकं उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर रूपांतरात फाटतात.

जुन्या गाण्याचा मास्टर दाबून मोठा करू नका, कंपनीने दिला तसा ठेवा आणि पार्श्वसंगीताची पातळी त्याच्याशी जुळवा. उलट केलं की गाणं नकली वाटतं.

ऐकायची ठिकाणं: चांगले स्पीकर, साधे इअरफोन, मोबाइलचा स्वतःचा स्पीकर आणि चालती गाडी. मोबाइलवर तंबोरा ऐकू येत नसेल तर त्याचे वरचे स्वर थोडे उचला, खर्ज वाढवून काही होणार नाही.

## टप्पा ८: नावं, क्रमांक, श्रेय

‘बीजीएम १’, ‘थीम २ (सॅड)’ अशी नावं ठेवू नका. शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही आणि आळस दिसतो. दुसरं टोकही नको: ‘अण्णांचा मृत्यू’ हे नाव चित्रपटाआधी आठवडाभर बाहेर पडलं तर दिग्दर्शक तुमच्याशी बोलणं सोडेल. ‘ओसरीवर’, ‘दुसऱ्या दिवशी’ असं काही चालतं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेमार्फत किंवा वितरकाकडून मिळतो. जुन्या गाण्याचं तेच ध्वनिमुद्रण जसंच्या तसं देत असाल तर कंपनीचा मूळ क्रमांकच वापरायचा. लांबी कापली असेल तर नवा. हे चुकलं की यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा तुमचा ट्रॅक पकडते आणि ‘परवानगी आहे हो’ सांगत ईमेल लिहीत बसावं लागतं. परवानगीचं पत्र वितरकाला आधीच पाठवा.

श्रेयात गीतकार, संगीतकार, गायक, वादक वेगवेगळे भरा. अभंगाच्या गीतकारात ‘संत तुकाराम’, संगीतात ‘पारंपरिक’ किंवा खऱ्या संगीतकाराचं नाव. ‘पारंपरिक’ हा शब्द खात्री असेल तरच. देवनागरी नावांचं शुद्धलेखन एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. ‘माडगूळकर’ एका ट्रॅकवर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ झाले तर प्रणाली त्यांना दोन माणसं समजते.

## टप्पा ९: पाठवण्याआधी आणि नंतर

फाइली चढवण्याआधी टप्पा १ ची यादी आणि अल्बमची यादी शेजारी ठेवा. अल्बममधल्या प्रत्येक जुन्या गाण्यासमोर पत्राची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि वगळलेले देश लिहा. मुदतीच्या सहा महिने आधीची आठवण निर्मात्याच्या कॅलेंडरमध्ये टाका, तुमच्या नव्हे. तोवर तुम्ही दुसऱ्या चित्रपटावर असाल.

त्याच यादीवरून चित्रपटाची क्यू शीट तयार होते. ती आयपीआरएसकडे आणि चित्रपट घेणाऱ्या वाहिनीकडे पाठवा. तिच्यावरूनच गीतकार-संगीतकारांचे पैसे वाटले जातात, आणि बासरीवर आलेली ती जुनी धून कुणाची होती हेही त्यात असायला हवं. मूळ फाइली, सेशन आणि सगळी पत्रं दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एका डिस्कवर चित्रपटाचं नाव आणि वर्ष मार्करने लिहा. पाच वर्षांनी कपाटात सापडलेल्या बिननावाच्या काळ्या डिस्क उघडून बघायचा उत्साह कुणालाही नसतो.